चाल संपली की जॅझमध्ये हरवायला का होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडला राहता, तीस वर्षं सवाई गंधर्व महोत्सवाला नेमाने जाता, ख्याल आणि तबला सोलो दोन्ही मनापासून ऐकता. आता जॅझ ऐकावं असं वाटलं म्हणून ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' महिनाभर रोज लावलात. सुरुवातीची चाल आवडते, पण दोनेक मिनिटांनी सगळं एकसारखं वाटायला लागतं. कोण कशाच्या आधाराने वाजवतोय याचा पत्ता लागत नाही आणि अल्बम घरात नुसता वाजत राहतो. शेवटी विचारलंय की ४० हजार रुपये बाजूला काढलेत, टर्नटेबल घेऊन एलपीवर ऐकलं तर फरक पडेल का?

टर्नटेबलबद्दल पुढे लिहितो. आधी खरी अडचण.

तुमचा कान कच्चा नाही. तबला सोलो ऐकताना तुम्ही हरवत नाही, कारण हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा, म्हणजे तालाची फेरी दाखवणारी तीच ती धून, चालू असतो. तबलावादक आड-कुआडमध्ये (मूळ लयीला छेद देणाऱ्या लयींत) कुठेही फिरला तरी लेहऱ्यामुळे सम कुठे आहे ते तुम्हाला कळत असतं. म्हणून तर तो समेवर आला की मान हलते. जॅझमध्येही लेहरा असतो, फक्त तो कोणी जसाच्या तसा वाजवत नाही. सुरुवातीला चाल एकदा किंवा दोनदा वाजते, तिला 'हेड' म्हणतात. नंतर चाल बाजूला ठेवतात, पण तिची लांबी आणि तिच्याखालचे कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरसमूह) त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा फिरत राहतात. अशा एका फेरीला 'कोरस' म्हणतात. मंचावरच्या प्रत्येकाच्या डोक्यात ती फेरी चालू असते. बेस (खालच्या सुरांचं मोठं तंतुवाद्य, डबल बेस) आणि पियानो ती सुचवत राहतात, पण दर वेळी वेगळ्या शब्दांत. तुम्ही सध्या लेहरा काढून टाकलेला सोलो ऐकताय. सगळं एकसारखं वाटणारच.

म्हणजे शिकायचं ते एवढंच: फेरी कुठे सुरू झाली, आपण तिच्यात कुठे आहोत, ती कुठे संपणार. कलाकारांची चरित्रं, कॉर्डची नावं, शैलींचा इतिहास हे सगळं नंतर आलं तरी चालतं.

किती दिवस लागतील हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे. ऐकण्याच्या साधनातून बेस नीट येतो का? मात्रा हातावर धरायची सवय आहे का? (तुम्हाला आहे, त्यामुळे निम्मं काम झालंय.) आणि तुमचा ओढा सुरांकडे जास्त आहे की लयीकडे? लयीकडे असेल तर खालची बोटांवर मोजायची रीत आठवड्याभरात बसते. सुरांकडे असेल तर षड्ज धरून ठेवायचा प्रयोग आधी करा, मोजणं मागून येईल.

पहिली दुरुस्ती साधनाची. डबल बेसच्या चार तारा ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झला लावलेल्या असतात. फोनच्या स्पीकरमधून २०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर पडत नाही. म्हणजे जो माणूस फेरी पायरी-पायरीने दाखवत असतो, तोच फोनवर जवळपास गायब होतो. याच्या उलट, वरातीत शोभतील असे जे मोठे ब्लूटूथ स्पीकर मिळतात, त्यांत खालचा एकच पट्टा फुगवलेला असतो. बेसचा कुठलाही स्वर 'धप' असाच ऐकू येतो. 'काइंड ऑफ ब्लू'मधला पहिला तुकडा 'सो व्हॉट' लावून बघा. पियानो आणि बेसची छोटी प्रस्तावना झाली की चाल बेसवरच येते आणि बाकीचे तिला दोन स्वरांचं उत्तर देतात. ही बेसवरची चाल तुम्हाला गुणगुणता येण्याइतकी स्पष्ट ऐकू आली तर साधन पुरेसं आहे. नुसता धडधडाट आला किंवा काहीच नीट आलं नाही, तर साधन बदला. कानावर पूर्ण बसणारा साधा वायरचा हेडफोन या कामाला पुरतो.

स्पीकर असतील तर ते शोकेसच्या खणात कोंबू नका. भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे आणा, कोपरा टाळा, दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर तेवढंच तुमच्यापासून ठेवा. आपल्या फ्लॅटमधल्या उघड्या फरश्यांवर झांजांचा आवाज फार चमकतो. खाली सतरंजी अंथरली तरी बराच निवळतो. अ‍ॅपमध्ये 'बेस बूस्ट' बंद करा, शफल बंद करा आणि एक गाणं दुसऱ्यात मिसळणारा 'क्रॉसफेड' आवर्जून बंद करा.

आता मोजणी. 'सो व्हॉट'पासून सुरू करू नका, त्याच अल्बममधला दुसरा तुकडा 'फ्रेडी फ्रीलोडर' घ्या. हा बारा बारांचा ब्लूज आहे, म्हणजे जॅझमधला एक ठरलेला साचा. एक बार म्हणजे चार मात्रा, म्हणजे एक फेरी ४८ मात्रांची. आपल्या हाताला अंगठा सोडून चार बोटं आणि प्रत्येकाला तीन पेरं, एकूण बारा. जणू याच कामासाठी दिली आहेत. अंगठा तर्जनीच्या वरच्या पेरावर ठेवा. चार मात्रा झाल्या की मधल्या बोटाच्या वरच्या पेरावर, मग अनामिका, मग करंगळी. पहिली ओळ झाली. आता पुन्हा तर्जनीकडे येऊन मधली पेरं, मग तळाची. तीन ओळी, प्रत्येकी चार बार. एक फेरी साधारण २२-२३ सेकंदांत पुरी होते. चाल दोन फेऱ्या वाजते, मग पियानोचा सोलो सुरू होतो आणि अंगठा न थांबता तसाच फिरत ठेवायचा.

बोटांवर बोट-बोट न मोजता ओळ-ओळ मोजायला सांगतोय त्यामागे कारण आहे. ब्लूजचा आराखडाच तीन ओळींचा आहे. पहिल्या ओळीत मुक्काम घरच्या कॉर्डवर, म्हणजे षड्जावर. दुसरी ओळ मध्यमाच्या कॉर्डवर उघडते आणि घरी परतते. तिसरी पंचमाच्या कॉर्डवर उघडते आणि उतरत शेवटाकडे जाते. म्हणजे अंगठा तर्जनीच्या मधल्या पेरावर आला की खाली काहीतरी हललंय हे कानाला जाणवायला हवं, आणि तळाच्या पेरावर आला की जास्तच. 'फ्रेडी फ्रीलोडर'ची एक खूण लक्षात ठेवा: चालीची पहिली फेरी संपताना, शेवटच्या दोन पेरांवर, ती षड्जावर येत नाही, एक स्वर खाली कोमल निषादाच्या कॉर्डवर टेकते. वाक्य अर्धवट राहिल्यासारखं वाटतं आणि लगेच नवी फेरी सुरू होते.

इथे नेहमी होणाऱ्या चुका सांगतो. पहिली, निम्म्या लयीत मोजणं. फेरी संपली असं कानाला वाटतं तेव्हा अंगठा सहाव्या पेरावर असेल तर तेच झालंय. बेस दर मात्रेला एक स्वर चालतो, त्याचे चार स्वर म्हणजे एक पेर. दुसरी, सोलोच्या तानेमागे कान जातो आणि मोजणी सुटते. सुटली तर मागे जाऊन पुन्हा लावू नका. पुढे ऐकत राहा, नवी फेरी येते तेव्हा ड्रमवर छोटी भरती आणि बहुधा झांजेचा ठोका असतो, तिथून पुन्हा धरा. हरवून परत सापडणं हाच इथला रियाज आहे. तिसरी चूक पायाची. आपण पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर ठोका देतो. जॅझमध्ये ड्रमवाला पायाने हाय-हॅट (झांजांची जोडी) मिटतो तो 'चिक' आवाज दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. टाळी तिथे द्यायला लागलात की लय एकदम हलकी होते. पहिल्यावर ठोका देत राहिलात तर सगळं संगीत जड आणि थोडं उशिरा चालल्यासारखं वाटतं.

सुरांकडे ओढा असणाऱ्यांसाठी दुसरा प्रयोग. 'फ्रेडी फ्रीलोडर'चा षड्ज काळी पाच (हार्मोनियमची पाचवी काळी पट्टी) आहे. चाल सुरू झाली की काळी पाचचा सा आकारात धरा आणि फेरीभर हलवू नका. पहिल्या ओळीत तो घरी आहे. दुसरी ओळ लागते तेव्हा खालचा कॉर्ड मध्यमाचा होतो आणि तुमचा तोच सा आता त्या मध्यमाचा पंचम बनतो. काही न करता त्याचा रंग बदलतो, उघडल्यासारखा वाटतो. तिसऱ्या ओळीच्या आरंभी कॉर्ड पंचमाचा असतो, तिथे तुमचा सा त्याचा मध्यम होतो आणि अधांतरी राहतो. तुम्ही जागचे हलला नाहीत, जमीन हलली. जॅझमधल्या सोलोची मजा मोठ्या प्रमाणात या हलत्या जमिनीवर चालण्यात आहे. ख्यालात तानपुरा स्थिर असतो आणि गायक फिरतो. इथे दोन्ही फिरतात. पहिल्या महिन्यात कानाला एवढं एकच नवीन शिकायचं आहे.

हे जमलं की 'सो व्हॉट'कडे या. फेरी ३२ बारांची, आठ-आठच्या चार भागांची. पहिले दोन भाग सारखे, तिसरा वेगळा, चौथा पुन्हा पहिल्यासारखा. तिसऱ्याला 'ब्रिज' म्हणतात. आता प्रत्येक भागाला एक बोट द्या: तर्जनी, मधलं, अनामिका (हा ब्रिज), करंगळी. इथले स्वर तुमच्या अगदी ओळखीचे आहेत: गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध, म्हणजे आपला काफी थाट. पहिले १६ बार षड्ज पांढरी दोन. ब्रिजच्या आठ बारांत तोच थाट अर्धा स्वर वर सरकतो, षड्ज काळी दोन होतो. मग पुन्हा पांढरी दोन.

एक प्रयोग एकदाच करा. फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप पांढरी दोनला लावून 'सो व्हॉट'ची चाल सुरू झाल्याबरोबर हलकेच चालू करा. साधारण अर्धा मिनिट तानपुरा छान मिसळेल. मग १४-१५ सेकंद तो असा खटकेल की बंद करावासा वाटेल, आणि पुन्हा मिसळेल. तो खटकणारा तुकडा म्हणजे ब्रिज. एकदा अंगावर आला की पुढे तानपुऱ्याशिवायही ओळखू येतो. (हा प्रयोग जुन्या एलपीवर केलात आणि सुरुवातीपासूनच सूर लागला नाही तर दोष तुमच्या कानाचा नाही. २ मार्च १९५९ च्या ध्वनिमुद्रणात टेप यंत्र किंचित संथ चाललं होतं, त्यामुळे अल्बमची पहिली बाजू अनेक वर्षं खऱ्यापेक्षा जवळपास पाव स्वर चढी छापली जात होती. १९९२ पासूनच्या आवृत्त्यांत ती दुरुस्ती झाली.)

चाल संपून माइल्सचा ट्रम्पेट सुरू होतो, साधारण दीड मिनिटावर, तेव्हा ड्रमवादक जिमी कॉबच्या झांजेचा एक मोठा ठोका पडतो आणि विरायला वेळ घेतो. तो पहिल्या सोलोचा उंबरठा. पुढे माइल्स दोन फेऱ्या, जॉन कोल्ट्रेनचा टेनर सॅक्सोफोन दोन, कॅननबॉल अ‍ॅडर्लीचा आल्टो दोन, बिल एव्हान्सचा पियानो एक. एक फेरी जेमतेम मिनिटाची. ही गणती मनात असली की नऊ मिनिटांचा तुकडा एकदम आटोक्यात येतो. आणि मग तुलना करता येते. माइल्स ब्रिजवर काय करतो, कोल्ट्रेन काय करतो? माइल्स थोडे स्वर घेऊन मोकळी जागा ठेवतो, कोल्ट्रेन त्याच जागेत दाटी करतो, अ‍ॅडर्लीच्या वाजवण्यात ब्लूजचा गोडवा डोकावतो. महिनाभर जे 'एकसारखं' वाटत होतं, त्यात तीन वेगळे स्वभाव दिसायला लागतात.

आतापर्यंतचं सांगायचं तर: बेस ऐकू येईल असं साधन, बारा पेरांवर ब्लूज, मग चार बोटांवर ३२ बार. याला दोन-तीन आठवडे द्या, रोज वीस मिनिटं. दुसरा अल्बम लावू नका.

आपल्या संगीताशी लावलेल्या तुलना कुठे फसवतात तेही सांगायला हवं, कारण पुण्यातल्या जाणत्या श्रोत्यांची गफलत बहुधा इथेच होते. सम जशी तिहाईने (तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तुकड्याने) ठोकून दाखवतात तसं इथे होत नाही. चांगला वादक फेरीचा सांधा मुद्दाम झाकतो. वाक्य फेरी संपण्याआधी सुरू करतो आणि नव्या फेरीत दोन-तीन बार गेल्यावर संपवतो. समेवर येण्याची वाट बघत बसलात तर निराशा होईल. सांध्यावरून तो कसा सरकला ते ऐका. दुसरं, पियानोची साथ म्हणजे हार्मोनियमची संगत नव्हे. हार्मोनियम गायकाच्या मागून जाते. इथला पियानो कॉर्ड पुढून टाकतो, कधी वादकाला ढकलतो, कधी मुद्दाम गप्प बसतो. तिसरं, बढत. संथ आलापापासून द्रुतापर्यंतचा प्रवास इथे शोधू नका. लय बहुतेक वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच असते, चढत जाते ती दाटी आणि ताण. आणि काफी थाट आहे म्हणून राग काफी ऐकायला जाऊ नका. रागाची ओळख ठरवणारे पकड, वादी, न्यास यांतलं काही नाही. स्वरांचा साठा सारखा, वागणं वेगळं.

पियानोने गप्प बसणं म्हणजे काय हे ऐकायचं असेल तर 'बॅग्ज ग्रूव्ह' हा ब्लूज लावा. २४ डिसेंबर १९५४ चं ध्वनिमुद्रण, व्हायब्राफोनवर (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) मिल्ट जॅक्सन, पियानोवर थेलोनियस मंक. माइल्सच्या सोलोमागे मंक वाजवतच नाही. त्याच अल्बमवर या एकाच तुकड्याचे दोन टेक, म्हणजे दोनदा केलेली ध्वनिमुद्रणं, आहेत. बारा पेरांवर मोजत दोन्ही टेक पाठोपाठ ऐका. चाल तीच, माणसं तीच, दिवस तोच, तरी सोलो वेगळे. यात आधीच बसवलेलं काय आणि तिथल्या तिथे सुचलेलं काय, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळणार नाही.

पुढे काय ऐकायचं? 'ऐकलेच पाहिजेत असे शंभर अल्बम' अशा याद्या घेऊन बसू नका. शंभर माणसांशी एका दिवशी ओळख करून घेतल्यासारखं होतं. माझा आग्रह आहे की एका माणसाचं बोट धरा, आणि तो माणूस बेसवाला असू द्या. 'काइंड ऑफ ब्लू'वर बेस वाजवणारा पॉल चेंबर्स तेव्हा जेमतेम २४ वर्षांचा होता. जानेवारी १९६९ मध्ये ३३ व्या वर्षी तो गेला, पण तेवढ्यात त्या काळच्या कितीतरी उत्तम अल्बमांवर वाजवून गेला. त्याची चाल आता तुमच्या कानाला ओळखीची झाली आहे. त्याच्या मागून गेलात की बाकीचे आपोआप भेटतात.

पहिला थांबा कोल्ट्रेनचा 'ब्लू ट्रेन', १५ सप्टेंबर १९५७. शीर्षकाचा तुकडा बारा बारांचाच ब्लूज आहे, तुमची पेरं तशीच चालतील. फक्त सोलोत मधेच लय दुप्पट झाल्यासारखी वाटते. तिथे अंगठा दुप्पट करू नका, फेरी पहिल्याच चालीने चालू असते. मग १९५६ मधल्या माइल्सच्या पंचकाचा 'रिलॅक्सिन'. यातलं 'ओलिओ' ३२ बारांचं, चार बोटांवर बसणारं. त्यानंतर ऑलिव्हर नेल्सनचा 'द ब्लूज अँड द अ‍ॅब्स्ट्रॅक्ट ट्रूथ', १९६१. त्यातला 'स्टोलन मोमेंट्स' संध्याकाळी दिवे न लावता ऐका. तिथे एक गंमत आहे: चाल १६ बारांची, पण सोलो मात्र १२ बारांच्या फेरीवर. सांगितलं नाही तर कुणीही चुकतो.

मग कोल्ट्रेनचा 'जायंट स्टेप्स'. यातला शीर्षकाचा तुकडा मे १९५९ मधला, म्हणजे 'काइंड ऑफ ब्लू'च्या २२ एप्रिलच्या शेवटच्या सत्रानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी केलेला. तोच कोल्ट्रेन, तोच चेंबर्स. 'सो व्हॉट'मध्ये १६ बार एकाच थाटावर मुक्काम होता. इथे कॉर्ड बऱ्याच ठिकाणी दर दोन मात्रांना बदलतो आणि १६ बारांच्या फेरीत षड्ज तीन ठिकाणी फिरतो, तोही अतिद्रुत लयीत. पियानोवरचा टॉमी फ्लॅनगन मुरलेला वादक होता, पण त्याच्या सोलोत तो अडखळताना स्पष्ट ऐकू येतो. म्हणून हा तुकडा लगेच कळावा अशी अपेक्षा ठेवू नका. त्याऐवजी त्याच अल्बमचा शेवटचा 'मिस्टर पी. सी.' लावा. पी. सी. म्हणजे पॉल चेंबर्स, तुकडा त्याच्याच नावाने केलेला आहे. कोमल गंधाराचा बारा बारांचा ब्लूज, वेगवान. अंगठा पळवावा लागेल, पण पेरं तीच.

तालाची आवड असलेल्यांना मित्रमंडळी हमखास डेव्ह ब्रुबेकचा 'टाइम आउट' सुचवतात. जरूर ऐका, १९५९ चाच आहे. 'टेक फाइव्ह' पाच मात्रांचा, ३+२. 'ब्लू राँडो' नऊ मात्रांचा: तीन वेळा २+२+२+३ आणि चौथ्या वेळी ३+३+३. झपताल-रूपकावर वाढलेल्या माणसाला हे दहा मिनिटांत बसतं. म्हणूनच त्याच्यापासून सुरुवात करू नये असं माझं मत आहे. जे येतं तेच पुन्हा केल्याचं समाधान मिळतं आणि हलत्या कॉर्डचा प्रश्न तसाच राहतो. 'ब्लू राँडो'चे सोलो तर चार मात्रांच्या साध्या ब्लूजवरच आहेत. आता पेरांवर मोजून बघा, लगेच सापडेल. तसंच कोल्ट्रेनच्या 'इंडिया'चं. नावाकडे बघून आपल्याला तो सोपा जाईल असं वाटतं, पण ती वाट थोडी मागून घ्यावी.

आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा रंग तुम्हाला परका वाटत नाही, हे तुमच्या प्रश्नातही जाणवलं. ते साहजिक आहे. चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा या गोव्याच्या मंडळींनी हा आवाज मुंबईच्या सिनेसंगीतात केव्हाच आणून ठेवला. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत तो भरभरून आहे. पण तिथे सगळं लिहून तीन-साडेतीन मिनिटांत बसवलेलं असायचं. त्यामुळे रंगाची ओळख झाली, फेरीची झाली नाही.

आता ४० हजार आणि टर्नटेबल. एलपीने फेरी कळायला मदत होत नाही. फायदा एकच, पण खरा: एक बाजू साधारण वीस-पंचवीस मिनिटांची, ती संपली की उठावं लागतं. ऐकणं आपोआप मापात राहतं. स्ट्रीमिंगवर जुन्या अल्बमांच्या शेवटी उरलेले टेक जोडलेले असतात. नवा श्रोता तोच तुकडा तीनदा ऐकून कंटाळतो आणि अल्बमला दोष देतो. नावापुढे 'आल्टरनेट टेक' दिसलं की थांबायचं, एवढी शिस्त फुकटात पाळता येते.

घ्यायचंच असेल तर हिशेब पूर्ण करा. टर्नटेबल, कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग), फोनो प्रीअ‍ॅम्प (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारा), अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, एवढं सगळं ४० हजारांत बसवताना स्पीकरवर काट मारली जाते आणि बेस पुन्हा जातो. मी आधी हेडफोन किंवा स्पीकर-अ‍ॅम्प नीट घ्यायला सांगेन, टर्नटेबल नंतर. सुटकेसच्या आकाराचे स्वस्त प्लेअर टाळा. त्यांच्या सुईचा भार बऱ्याचदा पाच-सहा ग्रॅम असतो, चांगल्या कार्ट्रिजचा दोनच्या आसपास. त्या भाराने खाचा झिजतात आणि झिजलेली एलपी पुन्हा चांगली होत नाही.

जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारायला हरकत नाही, पण जॅझ मिळेल या भरवशावर जाऊ नका. मिळालीच तर एलपी उन्हात तिरपी धरून बघा. करड्या, निस्तेज खाचा म्हणजे झीज, ती धुऊन जात नाही. पांढुरके ठिपके म्हणजे बुरशी, ती बहुधा जाते. डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून वाक आहे का तेही पाहा. ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांना एलपीची सुई लावू नका, त्यांच्या खाचा कितीतरी रुंद असतात. त्या शेलॅकच्या असतात, त्यांना अल्कोहोल लावलंत तर पृष्ठभाग विरघळतो. आपल्या पावसाळ्यात एलपी भिंतीला टेकवून ठेवू नका. उभ्याच ठेवा, आतली कागदी पिशवी दमट झाली तर बदला. मे महिन्यात गाडीत विसरलात तर वाकलीच समजा.

पुण्यात प्रत्यक्ष जॅझ बहुतेक कॅफे-रेस्टॉरंटमध्ये ऐकायला मिळतं, म्हणजे भोवती गप्पा आणि भांडी. मंचाच्या बेसवाल्याच्या बाजूला बसा. प्रत्येक सोलो संपला की तुकडा चालू असतानाच टाळ्या वाजवायची पद्धत आहे, संकोचू नका. शेवटाकडे सोलो वाजवणारे आणि ड्रमवाला चार-चार बार आलटून पालटून वाजवतात. सवाल-जवाबाची सवय असलेल्याला हे लगेच कळतं, पण तिथेही फेरी चालूच असते. पेरांवर धरून ठेवलीत तर ड्रमवाला एकटा वाजवतानाही मूळ चाल ऐकू येत राहते.

बोटं कधी सोडायची? 'मिस्टर पी. सी.' चालू असताना मोजायचं विसरलात आणि तरीही नवी फेरी लागताना मान हलली, तर सोडा. त्या दिवशी बिल एव्हान्सचा 'संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड' लावा. २५ जून १९६१ ला न्यूयॉर्कच्या एका तळघरातल्या क्लबात केलेलं ध्वनिमुद्रण, मागे ग्लासांची किणकिण आणि लोकांचं बोलणंही ऐकू येतं. पियानो, बेस, ड्रम, फक्त तिघं. बेसवर स्कॉट लाफारो आहे, यानंतर अकरा दिवसांनी तो मोटार अपघातात गेला. चेंबर्ससारखा तो मात्रेमागे मात्रा चालत नाही. पियानोच्या वाक्यात शिरतो, त्याला उत्तर देतो, वर चढून स्वतःच गायला लागतो. पॉल मोशनचा ड्रमही ठेका धरून ठेवत नाही. लेहरा तिघांपैकी कोणीच वाजवत नसतो, आणि तरी तिघंही नव्या फेरीत एकाच वेळी पाऊल टाकतात. तोवर तो तुमच्याही डोक्यात चालू झालेला असेल.